दोन चमचे पाणी

ठसका लागला की कुणीतरी आठवण काढतंय, असं आमच्याकडे म्हणतात. त्या वर्षी माझी आठवण काढणारे इतके वाढले की मी हैराण झालो. चहा घेतला, ठसका. पाणी प्यायलो, ठसका. माझी बायको कमळा दर वेळी हसून म्हणायची, "कोनी तरी याद करी राहयनं." मी रेल्वेत सदतीस वर्षं काढली, आधी सांधेवाला म्हणून, म्हणजे गाडी येण्याआधी रूळ बदलून देणारा, आणि शेवटची काही वर्षं नरडाणा स्टेशनच्या केबिनमध्ये दांडे ओढत. रिटायर झाल्यावर तिथेच घर बांधलं. इतक्या वर्षांत ज्यांच्याशी भांडलो ते सगळे रोज सकाळी माझं नाव घेत बसले असते, तरी इतके ठसके लागले नसते. पण एवढी साधी गोष्ट तेव्हा ना मला सुचली, ना घरात कुणाला.

हे मी कुणाला बोध करायला लिहीत नाही. रागाने लिहितो आहे. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस पाणी पिताना खोकतं आणि बाकीचे आठवणीच्या गप्पा मारतात, त्यांच्या कानावर हे जावं, एवढीच इच्छा आहे.

तोंड वाकडं झालं तो दिवस

सकाळी ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होतो. चहा डाव्या कोपऱ्यातून बाहेर आला आणि सदऱ्यावर सांडला. मी कमळाला हाक मारायला गेलो तर तोंडातून शब्दांऐवजी पिठल्यासारखं काहीतरी आलं. डावा हात मांडीवर पडलेला होता आणि तो माझा वाटत नव्हता. शेजारच्यांच्या जीपमधून मला धुळ्याला नेलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं काही वाईट नव्हती, फक्त घाईत होती.

डॉक्टर तरुण होता. माझ्याकडे न बघता कमळाला म्हणाला, "बाबांना बोललेलं समजतं का?" मला अक्षर न् अक्षर समजत होतं. अरे गाढवा, मला विचार की, असं मी म्हणालो. त्याला नुसती घरघर ऐकू आली असणार, कारण त्याने मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

मग त्याने मला चमचाभर पाणी पाजलं आणि बघत उभा राहिला. मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकलो. तो कमळाला म्हणाला, "अर्धांगाचा बारीक झटका आहे. हातपाय येतील. पण गिळणं बिघडलंय. घसा चांगला आहे, बिघाड वर आहे." आणि त्याने स्वतःच्या डोक्यावर बोट आपटलं. "उतारवयात मेंदूचा हुकूम घशापर्यंत तसाही उशिरा पोहोचतो. कित्येक म्हाताऱ्यांचं असं होतं, झटका न येताही होतं. यांचा आता आणखी उशिरा पोहोचणार. काय द्यायचं ते जपून द्या."

मी अडुसष्ट वर्षांचा होतो. गिळण्याचं काम डोकं करतं हे मला त्या दिवशी कळलं. पण एकदा कळल्यावर ते मला कुणापेक्षाही जास्त कळलं, कारण जन्मभर मी तेच काम केलं होतं. घशात दोन लाईनी आहेत, एक वाऱ्याची आणि एक अन्नाची, आणि एका जागी त्या एकमेकींना छेदतात. घास आला की सांधा फिरला पाहिजे आणि वाऱ्याची लाईन बंद झाली पाहिजे. फिरवणारा वर केबिनमध्ये बसलेला असतो. तरुणपणी तो घास जिभेवर असतानाच दांडा ओढून मोकळा होतो. म्हातारपणी डुलक्या काढतो. आणि पाणी ही तर मेल गाडी. तो डोळे चोळेपर्यंत ती भलत्या लाईनवर गेलेली असते. सदतीस वर्षांत माझ्या हातून एक सांधा चुकला नाही आणि आता माझ्याच नरड्यात रोज अपघात. मी फार चिडलो. त्या चिडण्याच्या खाली मी घाबरलेला होतो, हे आज कबूल करतो.

भेटायला येणारे

आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नाही, आणि जे नेलं ते स्वतःच्या हाताने दोन चमचे त्याच्या तोंडात घातल्याशिवाय उठायचं नाही, ही आमची रीत. नरडाण्याहून लोक एस.टी.ने यायचे आणि त्यांच्या हातात तांब्या, किटली, बाटली असं काही ना काही असायचंच. आजाऱ्याला हलकं द्यावं आणि हलकं म्हणजे पातळ, यावर सगळ्या खानदेशाचं एकमत आहे. डॉक्टर 'जपून द्या' म्हणाला होता. त्याचा अर्थ सगळ्यांनी 'अजून पातळ द्या' असा घेतला. मुगाचं वरचं पाणी, ताकाची निवळी, पेज, मोसंब्याचा रस. मी उताणा पडलेला आणि चमचे वरून येतायत.

प्रत्येक चमच्याला मी खोकायचो. मग पाठीवर थापट्या बसायच्या आणि कुणीतरी शहाणं म्हणायचं, "नरडं सुकी गयं व्हई. आखो दोन चमचा दे." मला ओरडून सांगायचं होतं की बायांनो, तुम्ही मला बुडवताय. निघायची ती घरघर. घरघर ऐकली की त्यांना दया यायची, आणि दया आली की पुन्हा चमचा.

पाचव्या दिवशी ताप भरला. छातीत उतरलंय, डॉक्टर म्हणाला. नाकातून नळी घातली आणि खाटेला पाटी लावली: तोंडाने काही देऊ नये.

नळीबद्दल काय लिहू? ती घालताना वाटतं की कुणी आपल्या आतून दोरी ओवतंय. एकदा बसली की दर तीन-चार तासांनी सिस्टर मोठ्या पिचकारीने दूध सोडते. पोटाला कळतं, जिभेला काही कळत नाही. सकाळी फिनेलचा वास, मग डॉक्टरांची फेरी, मग पिचकारी. शेजारच्या खाटेवरचा माणूस घरून आलेला डबा उघडायचा. भरीत असायचं, त्यावर कांद्याची पात. मी भिंतीकडे तोंड करायचो. आयुष्यात मी कुणाच्या ताटाचा इतका द्वेष केला नाही.

आणि तहान. कमळाला ती बघवत नव्हती. सिस्टरची पाठ वळली की ती पदराचा शेव तांब्यात बुडवायची आणि माझ्या तोंडात पिळायची. "पाणीले नही म्हनू नये, पाप लागस," असं पुटपुटायची. तोंड मी उघडत होतो, हेही सांगितलं पाहिजे. मला ठाऊक होतं की हे पाणी कुठे जाणार, तरी उघडत होतो. उतरलेला ताप पुन्हा चढला. ती बाई पंचेचाळीस वर्षं माझ्याबरोबर राहिली, माझ्यावर जीव टाकते, आणि तिने मला जवळजवळ मारलं होतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दुसरीबद्दल मी तिला अजून पुरती माफी दिलेली नाही.

नानाचा गडू

नाना माझा थोरला भाऊ. आठ वर्षांनी मोठा, चोपड्याला केळीची बाग. तो आला त्या दिवशी डॉक्टर दारात उभा राहून त्याला म्हणाला, "वय आहे. छातीत दोनदा उतरलंय. तिसऱ्यांदा उतरलं तर माझ्या हातात काही नाही." दार माझ्या खाटेपासून चार पावलांवर होतं. अर्धांग झालेला माणूस बहिरा असतो अशी त्यांची समजूत असावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता, भेटीच्या वेळेला, नाना गडू घेऊन आला.

मी तो गडू लगेच ओळखला. आमच्या मायला मीच माझ्या रेल्वेच्या पासवर काशीला नेलं होतं. तिने तिथून गंगेच्या पाण्याचे दोन तांब्याचे गडू आणले, तोंडं झाळून बंद केलेले. एक तिने स्वतःच्या शेवटासाठी ठेवला आणि तो तिच्या वेळी फोडला. दुसरा थोरल्याला दिला. नाना तो वीस वर्षं देव्हाऱ्यात ठेवून होता. अधूनमधून कानाशी हलवून बघायचा की पाणी आहे ना. आता त्याचं तोंड कापलेलं होतं.

"दगा," माझं नाव घेऊन तो म्हणाला, "हाई काशीनं पाणी शे. मायनी लयेल व्हतं. मनासाठे ठेयेल व्हतं, आते तू पी. तोंड उघाड."

मी दात घट्ट मिटले. नको, असं म्हणालो, म्हणजे नाकातून आवाज काढला. नानाला वाटलं दातखीळ बसली. त्याने चमच्याचा दांडा माझ्या दातांच्या फटीत घातला आणि जोर लावला. कमळा पायाशी उभी राहून रडत होती. सगळे वॉर्डातले लोक हात जोडून उभे. मी जिवंत होतो, मला भूक लागली होती, आणि हे लोक मला पोहोचवायला आले होते.

माझा उजवा हात चांगला होता. मी तो फिरवला. गडू उडाला, शेजारच्या खाटेखाली घरंगळत गेला आणि पाणी फरशीवर पसरलं.

नाना ओरडला नाही. तो खाली बसला आणि आपल्या उपरण्याने ते पाणी टिपायला लागला. टिपायचा आणि गडूच्या तोंडावर पिळायचा. फिनेलने पुसलेली फरशी ती. थोड्या वेळाने त्याचं त्यालाच कळलं की हे आता गंगेचं राहिलं नाही, आणि पिळलेलं त्याने ओतून टाकलं. तो उठला, रिकामा गडू काखेत घेतला आणि कमळाला म्हणाला, "देवनं पाणी लाथाडं यानी. आते मी तुमना घरमा पाय ठेवाव नही."

लोक अजून म्हणतात की दगाने गंगा लाथाडली. मी माझं मरण लाथाडलं. नानाने स्वतःच्या शेवटाचं पाणी मला आणून दिलं होतं, हे मला त्याही क्षणी दिसत होतं, आणि तरी मी हात उचलला. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा उचलेन.

असोद्याच्या बाई

फरशी पुसून घ्यायला चौधरी सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, जाड चष्मा, असोद्याच्या. खाटेशी वाकून हळूच म्हणाल्या, "बाबा, तुमी तो गडू मुद्दामच पाडला ना?"

मी मान हलवली.

"पाणी छातीत जाते, हे तुमाले समजते."

पुन्हा मान हलवली. सतरा दिवसांत पहिल्यांदाच मला कुणीतरी प्रश्न विचारला होता. मी रडलो, आणि रडताना खोकलो, आणि त्या खोकल्याचाही मला राग आला.

सिस्टरच्या सासऱ्यांचं असंच झालं होतं. झटका वगैरे काही नव्हतं, नुसतं वय. पाणी प्यायले की ठसकायचे. पण सासूने पिकलेलं केळं कुस्करून दिलं की गुपचूप जायचं. कितीतरी वर्षं त्या म्हाताऱ्याला त्यांनी घट्ट खाऊ घालून जगवलं. सिस्टरनी हे डॉक्टरला सांगितलं. तो म्हणाला, "ताप उतरू द्या, मग बघा करून. पण समोर थांबून करा." त्याला हे सुचलं नव्हतं याचं मला काही नाही. पण आधीच सुचल्यासारखा चेहरा त्याने केला, तो मी विसरणार नाही.

ताप उतरल्यावर सिस्टर वाटी घेऊन आल्या तेव्हा कमळा आडवी उभी राहिली. "खोकलावर केळं? मारी टाकतस का यास्ले?" ज्या मुलखात घरोघरी केळी, तिथे खोकणाऱ्याला केळं दाखवायचंसुद्धा नाही, थंड पडतं, कफ होतो, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलेलो. माझाही त्यावर विश्वास होता. पण त्या घडीला मला कुणी केळीचं खोड दिलं असतं तरी मी खाल्लं असतं.

सिस्टरनी मला ताठ बसवलं, पाठीला उशा लावल्या. अर्धा चमचा, लोण्यासारखं मऊ कुस्करलेलं. "हनुवटी छातीले लावा. आता गिळा. घाई नको. परत एकदा रिकामंच गिळा. आता थांबा."

मी गिळलं. केळं जिभेवरून रांगत मागे गेलं, मालगाडीसारखं, आणि तेवढ्यात वर केबिनमधला म्हातारा जागा झाला. नरडं उचललं गेलं आणि खाली आलं. मी वाट पाहिली. सिस्टर म्हणाल्या, "आ म्हणा." मी आ म्हणालो. आवाज कोरडा होता, घरघर नव्हती.

ठसका लागला नाही. कमळाने तोंडावर पदर घेतला.

दुसरा चमचा दिला, तिसरा दिला आणि त्या बाईने वाटी उचलून नेली. "आज बस," म्हणाली. मी तिला शिवी दिली. ती तिला बरोबर कळली, कारण ती हसली आणि म्हणाली, "बाबाले बोलता पण यायले लागलं."

नळी निघायला आणखी नऊ दिवस लागले.

घरी

घरी आल्यावर मी फार वाईट वागलो. जेवताना कुणी बोललं की ताट सरकवायचो. चहात बिस्किटं विरघळवून त्याची लापशी करून खायचो आणि शेजारी तोंड वळवायचे. पाणी कित्येक महिने नुसतं नव्हतंच, त्यात शिजवलेलं पीठ कालवून चमच्याने. भेटायला आलेल्यांनी तांब्याला हात लावला की मी त्यांना दार दाखवायचो. असं वागून मी जगलो. तुमच्या घरात असं माणूस असेल तर त्याच्या रागाला फार मनावर घेऊ नका, आणि डॉक्टरला खोदून विचारा की पातळ द्यायचं की घट्ट. 'जपून' या एका शब्दावर घरी येऊ नका.

नाना दीड वर्षात आला नाही. दिवाळीला नाही, माझ्या नातीच्या लग्नाला नाही. मीही गेलो नाही. तो म्हणाला होता की पाय ठेवणार नाही, मग मी का ठेवू?

मग नानाच्या मुलाचं, भास्करचं कार्ड आलं. 'नानांस पाणी पिताना फार ठसका लागतो. खोकला हटत नाही. वैद्यांनी केळी बंद केली आहेत. काढा आणि गरम पाणी चालू आहे. आपणांस कळावे.'

ते कार्ड मी आरशामागे खोचलं आणि आठ दिवस तिथे राहू दिलं. हे लिहायला मला जड जातंय. नरडाण्यापासून चोपड्यापर्यंत त्या ठसक्याचा अर्थ ठाऊक असलेला मी एकटा माणूस होतो, आणि मी आरशात दाढी करत होतो. नवव्या दिवशी कमळा म्हणाली, "नाना मरी गयात म्हनजे मंग जाशात का?"

मी एस.टी. धरली.

नाना ओसरीत खाटेवर होता. गालफडं बसलेली, अंगात कणकण. सून तांब्या घेऊन उशाशी, आणि तिच्या मागे गल्लीतल्या चार बाया, आपापल्या वाट्या घेऊन. मी त्यांना सगळ्यांना बाहेर काढलं. कसं, ते लिहीत नाही. मला बघून नानाने भिंतीकडे तोंड केलं.

आढ्याला त्याच्याच बागेतला घड टांगलेला होता. मी त्यातलं पिवळंधमक केळं तोडलं आणि त्याच्यासमोर बसून कुस्करायला घेतलं. डाव्या हातात वाटी नीट धरवत नाही, म्हणून ती मांडीत दाबून धरली. मग त्याला उठवून बसवलं. भास्करने पाठीला गादीची वळकटी लावली.

"नाना, तोंड उघाड," मी म्हणालो.

त्याने दात मिटले. मी असाच दिसत असणार तेव्हा. त्याचा उजवा हात चादरीवर होता आणि माझं लक्ष त्या हाताकडे होतं.

मी म्हणालो, "गडू पाडा त्याना माले पस्तावा नही. पन तो तुना व्हता, त्याना शे."

नानाने मान माझ्याकडे वळवली. मग त्याने तोंड उघडलं. मी अर्धा चमचा घातला आणि त्याची हनुवटी माझ्या बोटाने छातीला टेकवली. "गीळ. आखो एकदाव गीळ. थांब." भास्कर, सून, मी, सगळे त्याच्या नरड्याकडे बघत होतो. ते वर गेलं आणि खाली आलं. ठसका नाही.

दुसऱ्या चमच्यानंतर तो बोलला. दीड वर्षांनी पहिल्यांदा.

"केळं बराबर पिकेल नही शे."

मी तिसरा चमचा भरला. तो खाऊन झाल्यावर म्हणाला, "तुनाजोडे रेल्वेना पास शे ना?"

"शे."

"मंग काशीले जाय. मना गडू भरी आन."

नानाला नंतर डॉक्टरला दाखवलं. झटका नव्हता, नुसतं वय. छातीतलं औषधाने बरं झालं. मी पास काढला, कमळाला घेऊन काशीला गेलो आणि तोच गडू भरून, झाळून आणला. नानाने तो कानाशी धरून हलवला आणि देव्हाऱ्यात ठेवला. आता तो घट्ट जेवतो, मीही घट्ट जेवतो, आणि एकमेकांच्या घरी गेलो की आम्ही भांडतो. मी त्याच्या सगळ्या घराला बजावून ठेवलं आहे: वेळ आली तर त्या पाण्यात बोट बुडवून नानाच्या ओठांना लावायचं, तोंडात थेंबही ओतायचा नाही, आणि हे मी स्वतः उशाशी बसून बघणार आहे.

नाना म्हणतो, "तू पहिले जाशी. मंग देखसूत."